ग्रेड-वन काका

नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीवर, कशालाही टेकू नये, ही गोष्ट मला वयाच्या चाळिसाव्या वर्षी कळली. मे महिना होता, सकाळचे साडेसात वाजले होते आणि ऊन दुपारचं पडलं होतं. झीरो माइलच्या कठड्याला पाठ लावून मी फोनवर बोलत होतो. तेवढ्यात कोणीतरी माझ्या खांद्याला पोलादी टेपचं टोक टोचलं.

"सरका जी थोडेसे. ग्रेड-वन आहे."

मी दचकून सरकलो. वळून पाहिलं तर एक सडसडीत गृहस्थ उभे. डोक्याला नागपुरी पद्धतीनं पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, त्यातून फक्त चष्मा आणि नाक बाहेर. खांद्याला कापडी पिशवी, हातात टेप.

"मी काय केलं?"

"टेकले ना. रोज शंभर लोक टेकून राहिले इथं. शंभर पाठींनी वर्षाला एक मिलिमीटर दगड जातो."

"खरंच?"

"अजून मोजलं नाही. पण जातो."

हा मनुष्य खोटं बोलणार नाही, हे मला त्याच क्षणी पटलं. आकडा ठोकून दिल्यावर 'मोजलं नाही' म्हणणारा माणूस नागपुरात दुर्मीळ आहे. पुढं कळलं की अख्खी बर्डी त्यांना 'ग्रेड-वन काका' म्हणते. खरं नाव बहुधा फक्त पेन्शनच्या कागदावर असावं.

काका मोजणी खात्यातून रिटायर झाले. कागदावर 'भूमी अभिलेख', गावात 'मोजणी'. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या धुऱ्यांवर उभं राहून साखळी ओढली. धुरा थोरल्याकडे एक फूट सरकला की धाकटा शिव्या घालायचा, धाकट्याकडे सरकला की थोरला. बरोबर मध्ये पडला तर दोघं मिळून घालायचे. "म्हणून रिटायर झाल्यावर ठरवलं," काका सांगतात, "आता अशाच गोष्टी मोजायच्या ज्यायले भाऊ नाही."

पिशवीत टेपशिवाय तीन वह्या, एक मऊ ब्रश, पाण्याची बाटली आणि छत्री असते. ब्रश खर्ऱ्यासाठी. म्हणजे खर्रा खाऊन लोक ज्या भिंतींवर थुंकतात त्या भिंतींसाठी. त्या पिचकाऱ्यांचंही काकांनी वर्गीकरण केलं आहे: ताजी, जुनी आणि ऐतिहासिक. ताजी पाण्यानं जाते, जुनी ब्रशनं जाते. ऐतिहासिक पिचकारी जात नाही. तिची वहीत नोंद होते.

वारसा वास्तूंच्या नियमांत इमारतींच्या तीन श्रेणी आहेत. मुंबईनं १९९५ साली देशात पहिल्यांदा असे नियम केले, पुढं नागपूरची यादी झाली, आणि दीडशेवर वास्तू तिच्यात आल्या. काकांना ती यादी पाठ आहे. श्रेणी या शब्दाला मात्र त्यांचा विरोध. "श्रेणी शाळेत असते. हे ग्रेड आहे." ग्रेड-वन म्हणजे आतून-बाहेरून हात लावायचा नाही. ग्रेड-टू म्हणजे बाहेरून तसंच ठेवायचं, आत जपून थोडे फेरफार चालतात. ग्रेड-थ्री म्हणजे स्वतःचं फार मोठं महत्त्व नसेल, पण रस्त्याला शोभा आणणारं.

एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले! जगातली प्रत्येक वस्तू या तीन कप्प्यांपैकी एकात बसते, असं त्यांचं ठाम मत आहे. पोह्यांवरची तर्री ग्रेड-वन, वरची शेव ग्रेड-थ्री. त्यांची लुना ग्रेड-टू, कारण बाहेरून तीच आहे आणि आत इंजिन दुसरं. मुलगा पुण्याला नोकरीला गेला, तोही ग्रेड-टू: "बाहेरून आपलाच दिसतो जी. आतून बदलला." काकू अर्थातच ग्रेड-वन. त्यावर काकूंचं म्हणणं असं की, "म्हणूनच चाळीस वर्षांत धड एक साडी आणली नाही. बाहेरून बदल करायला बंदी आहे ना!"

मी धीर करून विचारलं, "आणि मी?"

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. अगदी सावकाश, प्लिंथ लेव्हलपर्यंत. "ग्रेड-थ्री. स्वतंत्र महत्त्व नाही. पण रस्त्यावर असले की बरं वाटते."

एवढ्या प्रामाणिकपणे माझं मूल्यमापन कोणीही केलं नव्हतं. मी त्यांच्याबरोबर हिंडायला लागलो.

पहिला धडा पोह्यांच्या प्लेटवर झाला. कस्तूरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खात होतो. समोरची बारादरी यादीतली, त्यामुळे काका तिच्याकडे तोंड करूनच बसतात. २०१८ साली याच मैदानात खोदकाम करताना मातीतून जुन्या तोफा निघाल्या. त्या दिवसापासून काका इथं पाय जपून टाकतात.

मी सहज म्हणालो, "सीताबर्डीच्या किल्ल्यावर लढाई झाली तेव्हाच्या असतील."

काकांनी चमचा खाली ठेवला. "किल्ल्यावर लढाई झाली नाही जी. लढाई झाली म्हणून किल्ला झाला."

मग त्यांनी माझी प्लेट स्वतःपुढं ओढली. "हे पोहे म्हणजे मोठी टेकडी. हे लिंबू म्हणजे लहान टेकडी. ही मिठाची बाटली रेसिडेन्सी. आत ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट जेन्किन्स बसलाय. २६ नोव्हेंबर १८१७, संध्याकाळ. अप्पासाहेब भोसल्यांची फौज इकडून, इकडून अन् इकडून." तीन बाजूंनी तर्री ओतली गेली. "कंपनीचे लोक मूठभर. टेकडीवर ना तट, ना बुरूज. धान्याची पोती रचून आडोसा केलेला. रात्रभर गोळीबार. आता हे चणे म्हणजे भोसल्यांच्या नोकरीतले अरब. २७ तारखेला सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली!" त्यांनी लिंबू कचकन पिळलं. "तिथून मोठ्या टेकडीवर मारा. आता कंपनीचं संपलं, असं वाटायची वेळ. तेवढ्यात कंपनीचं घोडदळ सुटलं, लहान टेकडी परत गेली, अन् दुपारपर्यंत..."

दुपारपर्यंत काय झालं हे त्यांनी सांगितलं नाही. चणे खाऊन दाखवले. त्या दिवशी नागपूरचं राज्य जाण्याची सुरुवात झाली आणि उरलंसुरलं १८५४ मध्ये खालसा झालं. माझे पोहे मात्र एकाच बैठकीत खालसा झाले. वर पोहेवाल्यानं जास्तीच्या लिंबाचे पैसे घेतले.

किल्ला अप्पासाहेबांनी लढाईआधी बांधला असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं आहे. असं काही हाती पडलं की काका समासात पेन्सिलीनं 'पोती!' एवढंच लिहितात. वाचनालयातली नागपूरवरची पुस्तकं आम्ही घरी नेतो तेव्हा प्रत्येकात पान बदलून हीच पोती सापडतात. सीताबर्डी हे नाव शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन गवळी भावांवरून आलं, असंही सांगतात. काका ती कथा ऐकून घेतात आणि शांतपणे निकाल देतात: "दंतकथा. ग्रेड-थ्री. पाडू नका, पण वजनही टाकू नका."

किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट हे तीन दिवस तो आपल्यासाठी उघडतो, बाकी बंद. मी याबद्दल कुरकुर केली तेव्हा काकांनी मला फाटकासमोर उभं करून विचारलं, "आतल्या भिंतीवर बदामात बाण काढून 'पिंकी' लिहिलेलं पाहिलं का कधी?"

"नाही."

"का नाही पाहिलं? कारण पिंकीच्या मित्राले आत जाऊ देत नाही. ज्या वास्तू आपल्यासाठी बारा महिने उघड्या आहेत त्यांच्या भिंती पाहून या. अख्खी मतदारयादी आहे."

थोडं थांबून मात्र त्यांनी स्वतःच आपल्या युक्तिवादाला भोक पाडलं. "पण एक आहे. कुलूप लावलं की भिंत वाचते अन् ओळख मरते. बर्डीवर रोज लाखानं लोक येत असतील चपला घ्यायले. वर टेकडीवर काय झालं, विचारा बरं एकालेही."

मी विचारून पाहिलं. मेन रोडवर मोजे विकणाऱ्या पोराला विचारलं, "हा किल्ला कशाचा रे?" तो म्हणाला, "मिलिट्रीचा. मोजे दाखवू?"

झीरो माइल ही काकांची कर्मभूमी. दगडी खांब, शेजारी चार घोडे आणि समोर फोटो काढणारे लोक. 'देशाचा मध्यबिंदू' म्हणून लोक इथं बोट ठेवून फोटो काढतात. त्या बोटाच्या मागून काका उगवतात.

"कोणत्या देशाचा?"

एकदा एक नवं जोडपं सापडलं. नवरा उत्साहानं म्हणाला, "भारताचा! गाइडनं सांगितलं."

"दगड १९०७ चा. तेव्हा कराची आत, ढाका आत, रंगूनसुद्धा आत. नंतर पोळीचे हे बाजूचे तुकडे गेले. मंग मध्य तिथंच कसा राहील? पोळीचा राहते का?"

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं बोट काढून घेतलं.

"उंचीची खूण आहे ती," काका आवारातल्या बेंचमार्ककडे बोट करून सांगू लागले. "समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. हे खरं. अन् खांबाखाली कोरलेली अंतरं पाहा: हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल. हेही खरं. देशाचा मध्य म्हणून लोकांनीच बसवला त्याले. हापिसात नाही का, कारकुनाले सगळे 'साहेब, साहेब' करतात, मंग एक दिवस तोच आपली सही मागतो."

बाई म्हणाली, "मग फोटो काढायचा की नाही?"

"काढा ना! उंचीचा काढा. फक्त टेकू नका."

या दगडावर काकांचा जीव असण्याचं कारण खात्यातलं आहे. हा दगड ज्या मोजणीतला, ती हिंदुस्थानची मोठी त्रिकोणमितीय मोजणी १८०२ मध्ये मद्रासेकडून निघाली. ती सुरू करणारा विल्यम लॅम्बटन वीस वर्षं मोजत मोजत वर सरकत आला आणि हैदराबादहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. काका दरवर्षी २० जानेवारीला एसटीनं हिंगणघाटला जातात आणि झेंडूची दोन फुलं वाहून परत येतात. "आमच्या खात्याचा माणूस होता," असं ते सांगतात. "मोजणी पूर्ण व्हायच्या आत गेला, पण बदलीचा अर्ज नाही केला."

काकांचे स्वतःचे अर्ज हा वेगळा विषय आहे. एका जुन्या इमारतीच्या माथ्यावर पिंपळाचं रोप उगवलं होतं. वीतभर असताना काकांनी पहिला अर्ज दिला: मूळ भिंतीत शिरण्याआधी काढावं. उत्तर आलं की अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे. संबंधित विभागानं कळवलं की इमारत आमच्या अखत्यारीत नाही. ज्यांच्या अखत्यारीत होती त्यांनी कळवलं की इमारत आमची, पण झाड आमचं नाही. झाडवाल्यांनी कळवलं की विनापरवानगी झाड तोडणं गुन्हा आहे. या पत्रव्यवहाराला सात वर्षं लागली आणि तेवढ्यात पिंपळाला पक्षी येऊ लागले.

"आता मजा पाहा," काका मला फाइल दाखवत म्हणाले. "झाडांच्या कायद्यात २०२१ मध्ये बदल झाला. पन्नास वर्षांचं झाड असलं की ते हेरिटेज वृक्ष. म्हणजे अजून त्रेचाळीस वर्षं दम धरला की झाड हेरिटेज होते. तोपर्यंत इमारत पडून जाईल, अन् मंग ती पडताना झाडाले धक्का लागला म्हणून इमारतीवर केस."

हे सांगताना ते हसत होते. नंतर फाइल बंद करून तिच्यावरची धूळ त्याच मऊ ब्रशनं झटकली. फाइलीचा ग्रेड विचारायची माझी हिंमत झाली नाही.

इमारतीच्या प्रेमात पडलेल्या माणसाला व्यवहार समजत नाही. काका मुलाला पुण्याच्या गाडीत बसवायला गेले आणि स्टेशनच्या दर्शनी भिंतीचा दगड सावनेरचा कसा, इमारत १९२५ ची कशी, हे कुलीला समजावत राहिले. गाडी गेली. मुलगा खिडकीतून हात हलवत गेला, असं कुलीनं सांगितलं. एकदा उच्च न्यायालयाची इमारत पाहायला गेले. दारातल्या शिपायानं विचारलं, "केस कोणती?"

"केस नाही. पाहायले आलो."

"वकील कोण?"

"हेन्री मेड," काका म्हणाले. ज्यानं ही इमारत उभारली आणि दिल्लीत मोठी चर्चेस बांधली तो वास्तुविशारद. शिपायानं रजिस्टर चाळलं. "आज आलेले नाहीत ते," म्हणाला.

एका रविवारी लुनावर मागे बसवून त्यांनी मला जुनापाणीला नेलं. नागपूरपासून जवळच, काटोल रस्त्याच्या बाजूला. उघड्या माळावर दगडांची वर्तुळं आहेत, लोहयुगातली दफनं. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नाक नावाच्या अधिकाऱ्यानं त्यातली काही उकरली होती. त्यातल्या काही दगडांवर माणसानं ठोकून केलेले वाटीसारखे खळगे आहेत. हे केंद्राचं संरक्षित स्मारक. नियम कडक आहेत: शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, पुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते, आणि नासधूस केली तर दोन वर्षं तुरुंगवास किंवा लाखाचा दंड किंवा दोन्ही.

नियमांच्या मधोमध पोट्टे क्रिकेट खेळत होते. बाउंड्रीला तीन हजार वर्षांपूर्वीचं वर्तुळ, स्टंपला त्यातलाच एक दगड.

मला वाटलं आता काका टेप काढणार. काढला नाही. ते शांतपणे अंपायरच्या जागी जाऊन उभे राहिले. ओव्हर संपल्यावर म्हणाले, "चांगला टाकून राहिला रे. इथं खाली काय आहे, माहीत आहे का?"

"काय?"

"माणसं. पुरलेली. बहू जुनी."

पोट्ट्यांचा आवाज बसला. "भूत आहे का जी?"

काकांनी एक क्षण विचार केला. खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नियम. पण हे खोटं आहे हेही त्यांनी मोजून पाहिलेलं नव्हतं. "असेल," ते म्हणाले. "असेल तर ग्रेड-वन असेल."

दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. पोट्ट्यांनी खेळपट्टी पार पलीकडे हलवली होती. एक गुराखी वर्तुळातल्या दगडावर बसायला गेला तर त्यातलाच एक लांबून ओरडला, "बसू नका बाप्पा, भूत आहे!" शंभर मीटरचं कलम जिथं थकलं तिथं भुतानं चार्ज घेतला होता, तोही बिनपगारी. परत येताना काका खूप वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या पोट्ट्याले मी चौकीदार केलं. त्याले माहीत नाही."

आणखी एक जागा आहे जिथं काका बोलत नाहीत. झीरो माइलपासून जवळच गोवारी शहीद स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हक्क मागायला विधानभवनावर आलेल्या गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यात बाया होत्या, लेकरं होती. तिथून जाताना काका लुना बंद करतात, चपला काढतात आणि थोडा वेळ उभे राहतात. पहिल्यांदा मी सवयीनं विचारून बसलो, "याचा ग्रेड?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "इथं मी मोजत नाही." दगड जुना झाल्यावर वारसा होतो, असं मी तोवर समजत होतो.

आता शेवटची गोष्ट. ती काकांनी सांगितलेली नाही.

एकदा त्यांचा टेप माझ्याकडे राहिला. द्यायला म्हणून घर शोधत मोदी नंबर तीनच्या गल्लीत गेलो. मनात चित्र तयार होतं: जुना वाडा, ओसरी, सागवानी खांब आणि आत कोणीही कशाला टेकलेलं नाही. निघाली चार मजल्यांची इमारत. फाटकावर सोनेरी अक्षरात नाव होतं. ते पूर्ण सांगत नाही, पण त्यात 'हेरिटेज' हा शब्द होता.

दुसऱ्या मजल्यावर काकूंनी दार उघडलं. हॉल दहा बाय चौदाचा, टाइल्सचा, स्वच्छ. गॅलरीत मात्र एक अजस्र सागवानी चौकट भिंतीला लावून उभी होती. गणेशपट्टी, पितळी कड्या, कोरीव कमळं, सगळं जागच्या जागी. भोवती दार नाही, भिंत नाही, घर नाही. चौकटीच्या वरच्या पट्टीवर टॉवेल वाळत होते.

"ही?" मी विचारलं.

"इथंच वाडा होता ना," काकू म्हणाल्या. "पाच भाऊ. चौघांनी सह्या केल्या. सहा महिने बिल्डर येऊन बसायचा. पाचवी सही यांची."

 पाडायच्या आधी काकांनी आठ दिवसांची रजा टाकून अख्खा वाडा मोजला होता. प्रत्येक कोनाडा, देवळी, जिन्याच्या पायऱ्यांची उंची, माजघराच्या कडीपाटाच्या तुळया. काकूंनी तीन जाड वह्या काढून दाखवल्या. पिशवीत असतात तशाच.

तेवढ्यात काका आले. वह्या माझ्या मांडीवर पाहिल्या. रागावले नाहीत. दुपट्टा सोडला, पाणी प्यायले. चौतीस वर्षं लोकांच्या भावकीच्या मध्ये उभा राहिलेला माणूस स्वतःच्या भावकीत कुठं उभा होता, हे मला विचारायचं होतं. तोंडातून भलतंच निघालं.

"वाड्याला ग्रेड कोणता मिळाला असता, काका?"

"टू तर सहज होता," ते म्हणाले. मग चष्मा पुसत बसले. "पण ग्रेड द्यायले कोणी आलं नाही. अन् खरं सांगू का? मीच कोणाले बोलावलं नाही. यादीत नाव गेलं असतं तर भाव पडला असता. पाच हिश्श्यांनी भागायचा होता तो."

काकू आत चहा ठेवायला गेल्या. काकांनी उठून चौकटीवरचे टॉवेल काढले, घडी करून खुर्चीवर ठेवले आणि त्या चौकटीतून, जिला कुठलीच खोली नव्हती, वाकून गॅलरीत गेले. वाकायची गरज नव्हती. चौकट उंच होती. पण वाड्यात बहुधा वाकायची सवय असावी.

"यायचं का १५ ऑगस्टले?" पलीकडून त्यांनी विचारलं. "किल्ला उघडते."

गेलो. पाऊस होता. रांग लांब होती आणि काका अर्थातच पहिले. त्यांच्यामागे मोजे विकणारा तो पोरगा होता, नवीन शर्ट घालून. त्याला काकांनी बोलावलं होतं. "वर जाऊन पाहा अन् खाली येऊन तुझ्या गिऱ्हाइकांले सांग," एवढीच अट. पोरगा तासभर टेकडीवर फिरला. खाली आल्यावर मी विचारलं, काय पाहिलं? तो म्हणाला, "वरून आपलं दुकान दिसते जी." थोडा विचार करून पुढं म्हणाला, "अन् तिथं पोती लावली होती म्हणे."

किल्ला उघडायचा पुढचा दिवस २६ जानेवारी असेल, १ मे असेल किंवा १५ ऑगस्ट. नागपुरात असाल तर बर्डीच्या टेकडीवर जाऊन या. रांगेत सगळ्यांत पुढं पांढरा दुपट्टा नाहीतर काळी छत्री दिसेल. त्यांना आपला ग्रेड विचारू नका, ते खरं सांगतात. आणि वर गेल्यावर कुठंही टेकू नका.